बहुधा काढून बोला

१

वरच्या मजल्यावर बसणाऱ्या साहेबलोकांनो, माणूस तुम्ही मारलात. दार तुम्ही लावलं नाही, ठोके तुम्ही ऐकले नाहीत, तुमच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही. पण खोटंही बोलायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही, ही तिसरी विद्या खालच्या माणसांना तुम्ही शिकवलीत. त्या विद्येपायी एक धडधाकट माणूस गारठून मेला. आता नीट ऐका. शेवटी एकच प्रश्न विचारायचा आहे.

गोठवलेल्या मासळीच्या शीतगृहात सकाळी मुकादमानं चार नंबरची खोली उघडली, तेव्हा तो आत दाराशी बसलेला होता. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, भुवयांवर बर्फाची पांढरी भुरभुर. मुकादमानं आधी हाक मारली, मग शिवी दिली, मग हात लावला आणि मागे सरकला.

चौथ्या दिवशी कंपनीनं त्याच्या बायकोला आणि म्हाताऱ्या बापाला बोलावून घेतलं. चौकशीचा अहवाल इंग्रजीत होता. तो त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि खाली बायकोची सही घ्यायची, म्हणून दुभाषीबाई आल्या. बाईंचा जन्म कोर्टात आणि दवाखान्यात इकडचं तिकडे बोलण्यात गेला होता. खोटं त्यांनी पोतंभर ऐकलं होतं. पण हा अहवाल वाचताना त्या पहिल्या पानावरच अडखळल्या.

कारण त्यात क्वचितच एखादं वाक्य सरळ होतं. कामगार प्रिझ्युमेबली झोपला. दार अ‍ॅपरंटली बंद झालं. नियम मोडून त्यानं सपोजेडली हातमोजे काढले होते. टोपी पॉसिबली नीट बांधलेली नव्हती. खोलीतून अ‍ॅपरंटली कसलाही आवाज येत नव्हता. मृत्यू प्रॉबॅबली थंडीनं. बाई एकेक शब्द आपल्या भाषेत आणत गेल्या. बहुधा, असावा, वाटतं, कदाचित, म्हणे. आपल्या भाषेत ‘म्हणे’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कोण म्हणे? इंग्रजीच्या त्या कागदावर ते विचारायची सोय नव्हती. शब्द बसवायचा आणि पुढे सरकायचं.

तात्या, म्हणजे मेलेल्याचा बाप, हातातली काठी खुर्चीला टेकवून सगळं ऐकत होते. वाचन संपलं तसं त्यांनी विचारलं, "बाई, माझा पोरगा मेलाय, एवढं तरी यांना पक्कं ठाऊक आहे ना?"

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मॅनेजरसाहेबांनी पेन उघडून सुनेपुढे ठेवलं. संध्याकाळपर्यंत कागद वर पाठवायचा आहे, असं ते मऊ आवाजात म्हणाले.

सुनेनं पेनाकडे बघितलंही नाही. "तो झोपला नाही," ती म्हणाली. "घरी पंखा जोरात लागला तरी याला झोप येत नाही. बर्फात कसा झोपेल? मी त्या रात्री या साहेबांना फोन केला होता. हेच म्हणाले, प्रॉबॅबली निघाला असेल."

साहेब काचेतून बाहेर बघायला लागले.

२

सही केली असती तर काय झालं असतं, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कामावर झोपला आणि स्वतःच्या आळसानं मेला, हे त्याच्या नावापुढे कायमचं चिकटलं असतं. पोरं मोठी झाली असती तरी ते निघालं नसतं. आणि चार नंबरची खोली दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली असती, कारण खोलीचा काहीच दोष नव्हता.

दुभाषीबाईंचं काम वाचून दाखवण्याचं. पण त्यांनी वही मिटली आणि साहेबांना सांगितलं की भाषांतर पुरं झालेलं नाही. आपल्या भाषेत डोळ्यांनी बघितलेलं वेगळं सांगतात, ऐकलेलं वेगळं आणि नुसता अंदाज वेगळा. कोणतं वाक्य कशातलं, ते लिहिणाऱ्यांना विचारल्याशिवाय आपण खाली सही करणार नाही. दुभाष्याची सही नसेल तर सुनेच्या सहीला कोर्टात कुत्रंही विचारणार नाही. साहेबांनी फोनवर कंपनीच्या वकिलाला विचारलं, यांना खाली जाऊन चौकशी करू द्यायची का. वकील म्हणाला, प्रॉबॅबली चालेल.

मग मुकादमानं त्या तिघांना खाली नेलं. जाड कोट दिले. चार नंबरचं दार एवढं जड की ओढताना मुकादमाच्या मानेची शीर फुगली. आत प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, त्यामागे एकावर एक रचलेल्या पेट्यांचे मांड, छताला बर्फाचे पापुद्रे. दाराच्या आतल्या अंगाला हिरवा दट्ट्या होता. आत कुणी अडकलं तर तो दाबायचा, दार उघडतं.

दार ओढून घेऊन सुनेनं तो दाबून बघितला. दार उघडलं. तिचा चेहरा पडला.

"बघितलंत?" मुकादम म्हणाला. "दट्ट्या धडधाकट आहे. त्याला बाहेर यायचं असतं तर आला असता. बहुधा."

बाईंनी बाजूच्या तीन नंबरच्या खोलीतला दट्ट्या बघितला. हजार तळहातांनी घासून पिवळा पडलेला, कडेला तेलाचा काळा मळ. परत येऊन चार नंबरचा बघितला. लग्नात मिरवायला काढल्यासारखा कोरा करकरीत. त्यांनी देखभालीच्या मिस्त्रीला बोलावणं पाठवलं.

मिस्त्री आला तो हात पुसतच. अहवालात त्याच्या नावावर एकच वाक्य होतं, दट्ट्या उत्तम स्थितीत होता. त्यापुढे प्रॉबॅबली नाही, काही नाही. सबंध अहवालात अशी ठणठणीत वाक्यं बोटावर मोजण्याएवढी. बाईंनी विचारलं, तुम्ही कधी तपासला? मिस्त्री म्हणाला की तो त्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या शीतगृहात कामाला गेला होता. मग हे कुणी लिहिलं? साहेबांनी लिहून दिलं, त्यानं सही केली.

मग त्यानं दाराकडे बघितलं आणि त्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"हा कुणी बसवला?" तो म्हणाला. "मोडका होता इथं. नवा आणून ठेवलाय, पण बसवायची परवानगी आली नव्हती. आणि हे स्क्रू बघा, डोकी पार छिलून टाकलीत. हे कारागिराचं काम नाही. ज्यानं जन्मात पेनशिवाय काही धरलं नाही, त्याचं आहे."

३

आता तिघांवर बोट होतं. मुकादम शेवटचा निघाला होता आणि पहिला आला होता. मिस्त्रीला दट्ट्या मोडका असल्याचं ठाऊक होतं. आणि साहेब. बाईंनी मुकादमाला पेट्यांच्या आडोशाला धरलं.

मुकादम म्हणजे सरळ उत्तर न देणारी जात. तुम्ही गेलात तेव्हा तो कुठे होता? असेल इथेच. बाहेर होता की आत? बाहेर, बहुधा. तुमच्या अंगावर कोट आहे का? मुकादमानं स्वतःच्या कोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "आहे वाटतं."

बाईंना हसू आलं.

"बहुधा काढून बोला," त्या म्हणाल्या. "तो शब्द इथं पेटीवर ठेवा आणि मग सांगा."

मुकादम घुटमळला. "बाहेर होता. डबा धूत होता. मला म्हणाला, उद्या तपासणीवाले येणार म्हणून साहेबांनी थांबवलंय, मांडांवरचा बर्फ झाडायचाय." एवढं बोलून त्यानं इकडे तिकडे बघितलं, जणू चोरी केली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागे एका गाडीवाल्यानं पेट्यांचा ढीग पडताना बघितला आणि ‘मी बघितलं’ असं लिहून दिलं. त्यापायी तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवून झिजवून नोकरीला मुकला. तेव्हा वरून वकील आला. सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि पाढे म्हणावेत तसे शब्द घोकून घेतले. प्रॉबॅबली, प्रिझ्युमेबली, अ‍ॅपरंटली, अलेजेडली. जे डोळ्यांनी बघाल त्याच्यापुढे यातला एक शब्द लावा, म्हणजे कोर्ट तुम्हाला साक्षीला ओढणार नाही. आणि जे बघितलंच नाही, ते खुशाल ठणकावून लिहा. त्याबद्दल तुम्हाला कोण काय विचारणार? पहिले काही दिवस सगळे चेष्टा करायचे. कँटीनमध्ये चहा अ‍ॅपरंटली गरम, डाव्या पायाचा बूट अलेजेडली माझा. मग चेष्टा संपली आणि सवय उरली.

"घरीसुद्धा निघतं तोंडातून," मुकादम म्हणाला. "बायकोनं विचारलं, जेवलात का? म्हटलं, जेवलो असेन. तिनं ताट उचलून नेलं."

बाईंनी अहवाल पुन्हा उघडला. आता तो उलटा वाचायचा होता. जिथं ठाम, तिथं माणूस हजर नव्हता. जिथं शंका, तिथं डोळे किंवा कान हजर होते. मिस्त्रीचं ठणठणीत वाक्य आता कळलं, तो गावातच नव्हता. आणि साहेबांच्या जबानीत एक ठाम वाक्य होतं, मी दुपारनंतर चार नंबरकडे गेलो नाही. त्याच जबानीत पुढे, खोलीतून अ‍ॅपरंटली कसलाही आवाज येत नव्हता.

गेलाच नाहीस, तर आवाज येत होता की नव्हता याची शंका तुला कुठून?

पण सवय म्हणजे पुरावा नव्हे. साहेबानं उद्या म्हटलं असतं की शब्द चुकून पडला हातून, तर कोण काय करणार होतं?

बाईंनी मुकादमाला शेवटचं विचारलं, सापडला तेव्हा कसा होता?

"कसा म्हणजे? सगळं जागच्या जागी. टोपी, कोट, हातमोजे, हात मांडीवर. शाळेत फोटोला बसवतात तसा. मला तेच कसंतरी झालं. इतका नीटनेटका तो जिवंतपणी कधी नव्हता."

मागे उभ्या असलेल्या सुनेनं खांद्यावरची पिशवी पोटाशी घट्ट धरली.

"ताई," ती म्हणाली, "मला काहीतरी दाखवायचंय. त्यांच्यासमोर नको म्हणून काढलं नाही."

४

पिशवीत हातमोजे होते. शीतगृहातले जाड, आतून लोकर लावलेले, निळे. घरी आणल्यावर तिनंच ते त्याच्या हातांतून काढले होते.

"हा डावा उजव्या हातात होता," ती म्हणाली, "आणि उजवा डाव्यात. अंगठ्याची जागा रिकामी, अंगठा बाकीच्या बोटांत कोंबलेला. तात्यांनी बघितलंय. माझा नवरा गबाळा होता, ताई. पण हातमोज्याच्या बाबतीत नव्हता. आधी अंगठा ओढून घ्यायचा, मग बोटं. पोरांनाही तसंच शिकवलं."

बाईंनी विचारलं, आणि हात?

तात्यांनी आपली उजवी मूठ वळली, काठीच्या मुठीवर हलकेच ठोकली आणि उघडून दाखवली. बोटांच्या पेरांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. पोराची पेरं सोललेली होती. हाडापर्यंत.

बाईंनी डॉक्टरला तिथूनच फोन लावला. कंपनीचा डॉक्टर. हातमोजे काढून हात तपासलेत का? तो म्हणाला, तशी गरज वाटली नाही, कारण उघडच होतं, प्रॉबॅबली थंडी. म्हणजे तुम्ही बघितलंत तेव्हा हातमोजे होते? होते की, त्यात काय विशेष, आणि त्यानं फोन ठेवला. त्या माणसानं बोटभर कापडसुद्धा सरकवलं नव्हतं. शिक्का मात्र कोपऱ्यात अगदी सरळ मारला होता, आणि त्या शिक्क्यावर प्रेत चिरफाड न होताच घरी गेलं होतं.

बाई वर निघाल्या. जिन्यात त्यांनी सुनेचा हात धरला.

"पोरी, आता मी पुन्हा वाचणार आहे. तू फक्त एका वाक्याकडे कान दे. तात्या, तुम्हीही."

५

साहेबांच्या खोलीत हीटर चालू होता. टेबलावरच्या फोनमध्ये वकील होता, त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मुकादम आणि मिस्त्री दाराशी उभे राहिले. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

बाईंनी साहेबांची जबानी काढली आणि संथपणे एकच वाक्य वाचलं. नियम मोडून कामगारानं हातमोजे काढले होते, असं समजलं जातं.

सुनेनं मान वर केली.

"कोण समजतं?" बाईंनी विचारलं.

साहेब हसले. "मॅडम, तिथं सपोजेडली आहे. मी ठामपणे काहीच म्हटलेलं नाही."

"ठाम नका म्हणू. कुणाकडून समजलं तेवढं सांगा. मुकादमानं त्याला बघितलं तेव्हा हातमोजे होते. डॉक्टरनं बघितलं तेव्हा होते. घरी गेला तेव्हा होते, या बाईनं स्वतः काढले. ज्यानं ज्यानं त्याला बघितलं, त्यानं हातमोज्यातच बघितलं. मग त्याचे उघडे हात तुम्हाला कुठं दिसले?"

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला.

"तो एक अंदाज..."

"असा अंदाज कुणी करत नाही. हातमोजे घातलेला मेलेला माणूस बघून, यानं हातमोजे काढले होते, हे सुचतं कुणाला? ज्यानं काढलेले बघितले त्याला. दार ठोकताना जाड हातमोज्यानं आवाज होत नाही, म्हणून त्यानं ते काढून टाकले आणि उघड्या मुठींनी ठोकत राहिला. तुम्ही दार उघडलंत तेव्हा उशीर झाला होता. हात दिसले तर बोंब होईल, म्हणून हातमोजे चढवलेत. दुसऱ्याच्या ताठलेल्या हातात हातमोजा घालायची सवय कुणाला नसते, डावा उजव्यात गेला. टोपी नीट केलीत. आणून ठेवलेला नवा दट्ट्या स्वतः बसवलात, त्याच्याशेजारी उभं राहून. स्क्रूची डोकी छिलली. आणि दार लावून घरी गेलात, उद्या मुकादमाला सापडावा म्हणून."

फोनमधून वकील म्हणाला की यावर काहीही बोलू नये.

"आणि तुम्ही गप्प बसा," बाई फोनला म्हणाल्या. "यांच्याकडून कामगाराची आणखी एक चूक मागितलीत ती तुम्हीच ना? टोपी झाली, झोप झाली, अजून काही द्या. यांना खोटी सुचेना, म्हणून डोळ्यांनी बघितलेली खरी गोष्ट दिली. पुढे सपोजेडली लावलं की खऱ्याचंही काही होत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं तर खवखव लिहून सही करून दिलीय."

फोनमधला श्वास थांबला. फोन बंद झाल्याचा आवाज आला. वकील पळाला होता.

साहेबांचा चेहरा ओल्या कागदासारखा झाला. त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं. त्या दोघांनी नजर वळवली नाही, आणि कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून जे आलं नसेल ते आलं.

"नवा दट्ट्या साहेबांच्या कपाटात होता," मिस्त्री म्हणाला. "मी स्वतः ठेवला."

"मी निघालो तेव्हा साहेबांची गाडी इथंच होती," मुकादम म्हणाला. "मी बघितली."

दोन्ही वाक्यांच्या पुढे काही नव्हतं.

तात्या उठले. काठी खुर्चीलाच राहिली. टेबलाच्या कडेला धरून ते साहेबांसमोर उभे राहिले.

"तुम्ही ठोके ऐकलेत का?"

साहेब मग बोलायला लागले ते थांबेनात. दार उघडं राहिलं की तापमान चढतं आणि वरून लगेच फोन येतो. म्हणून तो आत बर्फ झाडत असताना त्यांनीच दार ओढून घेतलं. दट्ट्या मोडका आहे हे त्या क्षणी डोक्यात नव्हतं. वरच्या साहेबांशी बैठक होती. जिन्याकडे जाताना आवाज आला.

"ठक ठक. मला वाटलं... वाटलं, प्रॉबॅबली बर्फ झाडतोय."

बैठक रात्री उशिरापर्यंत लांबली. उतरून आले तेव्हा आवाज नव्हता. सुनेचा फोन आला तेव्हा हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

सुनेनं समोरचं पेन उचललं. साहेबांना क्षणभर वाटलं की ती सही करतेय. तिनं सहीच्या जागेवर मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं, तो झोपला नव्हता, तो दार ठोकत होता. आणि कागद त्यांच्याकडे सरकवला, एखाद्यानं खरकटं ताट सरकवावं तसा.

६

गोष्ट इथं संपली असती तर एवढं लिहायची गरज नव्हती.

साहेबांना पोलीस घेऊन गेले. कंपनीनं नवा अहवाल पाठवला आणि तो वाचून दाखवायला पुन्हा त्याच दुभाषीबाईंना बोलावलं, इतका कोडगेपणा. त्यात लिहिलं होतं, मॅनेजरनं अलेजेडली ठोके ऐकले. दट्ट्या रिपोर्टेडली नादुरुस्त होता. कंपनीला या घटनेचं अ‍ॅपरंटली दुःख आहे. बाईंनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, त्यांना वाटलं आपलीच नजर चुकली. चुकली नव्हती. दुःखालासुद्धा यांनी शंका लावली होती. पाढे इतके पाठ झाले की कुठं थांबायचं ते यांच्या बापाला कळेना.

त्यांनी वाचायला नकार दिला. म्हणाल्या, याचं भाषांतर होत नाही, आमच्या भाषेत माणूस मेल्यावर असं बोलत नाहीत.

चार नंबरच्या खोलीत आता कुणी पाय ठेवत नाही. मुकादमानंच आडवा बाक घालून ठेवलाय आणि त्यावर तो स्वतः डबा खातो. प्रत्येक खोलीचा दट्ट्या सगळ्यांदेखत दाबून झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. कुणी विचारलं, ठरवलंत का? तर म्हणतात, ठरवलं. नुसतं तेवढंच.

आणि आता तो प्रश्न, वरच्या मजल्यावरच्या साहेबलोकांनो.

मोडक्या दट्ट्याबद्दल मिस्त्रीनं तोंडी सांगितलं, मॅनेजरनं वर कळवलं. नवा दट्ट्या आला. बसवायला नियमाप्रमाणे खोली रिकामी करून बंद ठेवावी लागणार होती, त्याची परवानगी तुमच्याकडे मागितली. तुमच्याकडून उत्तर आलं, पॉसिबली पुढच्या महिन्यात. मॅनेजर दोषी आहे, त्याचं तो भोगेल. पण ते ‘पॉसिबली’ त्याचं नव्हे. ते तुमच्यातल्या कुणाच्या तरी तोंडातून निघालं, आणि त्याच तोंडानं त्या संध्याकाळी मॅनेजरला बैठकीत अडकवून ठेवलं, खाली माणूस मुठी फोडून घेत असताना.

तो कोण? नाव सांगा. आणि आत माणसं असतील हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं? हो किंवा नाही. सून आणि तात्या खालच्या पायरीवर बसलेत, उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाहीत.

बोला. बहुधा काढून बोला.